पलीकडची

"काकू, हा पत्रा जरा बाजूला करता का?" मोजणीवालीने चुलीमागच्या भिंतीला फीत लावत विचारलं.

"तो गंजून चिकटलाय. ओढायला गेलात तर अंगावर येईल," दिवेवाली काकू म्हणाल्या आणि घाईघाईने चुलीवर चहाचं आधण चढवलं, म्हणजे बाई आपली चार हात लांब राहील.

खाणीच्या दिवेघरात कामगारांचे दिवे पुसून, भरून हातात देण्यात त्यांचा जन्म गेला होता, म्हणून त्या दिवेवाली. आधी नवरा गेला, मग खाण बंद पडली, मग वस्ती रिकामी झाली. खाणीने कामगारांसाठी बांधलेल्या त्या सगळ्या घरांतलं आता एकच जतन करायचं होतं. अट एवढीच, की ते बांधलं तसंच्या तसं राहिलेलं असावं. काकूंचं घर निवडलं गेलं, तर त्याची देखभाल करत काकू तिथेच राहणार होत्या. नाहीतर पाडकाम, आणि काकूंची रवानगी नव्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर.

तेच तपासायला आलेली मोजणीवाली खूश दिसत होती. खिडक्या मूळच्या, फरशी मूळची, जिन्याचा कठडासुद्धा मूळचा.

"एक विचारू?" काकूंना राहवलं नाही. "एका धुराड्याला पाठी टेकवून ही चार घरं. मग दारं चार दिशांना का हो? पलीकडच्या घरी जायचं तर अख्ख्या चौघराला वळसा घालावा लागतो. गवंड्याची दिशाभूल झाली होती की काय?"

मोजणीवाली हसली. "मलाही हाच प्रश्न पडला होता. धुराडं एकच ठेवलं ते विटा वाचवायला. दारं मात्र मुद्दाम तशी. चार बायका एका उंबऱ्यावर जमल्या की कुरबुर सुरू होते आणि कुरबुरीतून संप होतो, असा मालकांचा समज होता. म्हणून ज्याचं त्याचं दार, ज्याची त्याची वाट."

"अगं बाई! म्हणजे आम्ही एकत्र येऊ नये म्हणून आम्हाला पाठमोरं बसवलं होतं?"

काकूंना गंमतच वाटली. वाऱ्यापासून गवंड्याच्या आळसापर्यंत त्यांनी नाना कारणं लावून पाहिली होती. हे काही सुचलं नव्हतं.

"दाराबाहेर फलक लागेल," मोजणीवाली रंगात येऊन म्हणाली. "‘इथे चार कुटुंबं एका छपराखाली राहिली, आणि एकमेकांना अनोळखीच राहिली.’ माणसं थांबून वाचतील बघा."

चहा गाळता गाळता काकू थांबल्या. "अनोळखी?"

"नकाशावरून तरी तसंच दिसतं."

वस्तीत शेजारीण वेगळी आणि पलीकडची वेगळी. शेजारीण येता-जाता दिसते. पलीकडची भिंतीमागे असते. तिला खोकल्यावरून, भांड्यांच्या आवाजावरून ओळखायचं. ‘ही माझी मावशी, ही माझी पलीकडची’, अशी ओळख करून देत. काकूंची पलीकडची नव्या इमारतीत गेली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर उलथनं ठोकून हाळी दिली, "ए, काय करतेस गं?" भिंतीमागे निघाले एक एकटे राहणारे गृहस्थ. त्यांनी सरळ रखवालदाराला बोलावलं. फोनवर हे सांगताना पलीकडची पोट धरून हसली, आणि हसता हसता गप्प झाली.

काकूंनी पत्र्याकडे पाहिलं. तोंड मिटून बसलं की घर आपलं. बाई तर फीत गुंडाळायलाही लागली होती.

"तो चिकटलेला नाहीये," काकू म्हणाल्या. "धरा त्या बाजूने."

पत्रा निघाला. मागे, धुराड्याच्या कडेला, भिंतीत दोन विटांएवढं आरपार भोक होतं.

"हे कोणी केलं?"

"आमच्या ह्यांनी. मला कळा सुरू झाल्या. बाळंतपणातलं कळायचं ते पलीकडचीला, आणि तिचं पोर तापाने फणफणलेलं. ते सोडून ती येणार कशी? ह्यांनी उचलला टिकाव. खाणीत वाट बंद झाली की शेजारच्या बोगद्यात तोंड काढायचं, एवढंच त्यांना ठाऊक! ती तिथून सांगायची, हे इथून करायचे. आमची लेक जन्माला आली ती दोघींच्या शिव्या ऐकत. पुढे त्यातून हातोहात वाट्या-पेले जायला लागले, आणि बुजवायचं राहिलं ते राहिलंच. तपासणीला कोणी आलं की पत्रा लावायचा."

मोजणीवालीने वही पुन्हा उघडली. "काकू, मला हे नोंदवावं लागेल. आणि मग हे घर..."

"कळतंय मला. लिहा तुम्ही. पण ते अनोळखी तेवढं लिहू नका."

तिने मान डोलावली. मग तिची नजर पुन्हा भोकाकडे गेली. "हात जातो पलीकडे?"

"घालून बघा की."

तिने बाही वर सारली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. "पोचला की नाही, काही समजत नाही."

"थांबा, बघून येते."

काकू दाराबाहेर पडल्या. गुडघ्यावर हात ठेवत, चौघराला वळसा घालून पलीकडच्या रिकाम्या स्वयंपाकघरात शिरल्या. छपराची कौलं आणि माळ्याच्या फळ्याही गेल्या होत्या, आत भरपूर उजेड होता. भिंतीतून एक हात बाहेर आला होता, कोपरापर्यंत. बोटं हवेत चाचपडत होती.

काकू जागीच थबकल्या. आजवर त्या नेहमी भिंतीच्या आपल्या अंगाला असत. आपला हात पलीकडचीला असा दिसायचा तर.

"पोचला का हो?" भिंतीतून आवाज आला.

"पोचला," काकू म्हणाल्या. बोटांना विटेची लाल भुकटी लागली होती. ती त्यांनी आपल्या पदराने, एकेक बोट धरून पुसून दिली.