गुरुवारी या

श्यामला गेली हे मला कुणी सांगितलं नाही. हिंदुराव माझ्या गाळ्यावरचे बटाटे झाकायला लागला, तेव्हा कळलं.

चौऱ्याण्णव सालचा ऑगस्ट होता. मंडईत माझा कांदा-बटाट्याचा गाळा आहे. सकाळी अकराच्या सुमाराला मी एका बाईंना कांदे तोलून देत होतो. माझी बायको श्यामला कॉलेजात क्लार्क होती, हिंदुराव तिथला शिपाई. तो दर शनिवारी यायचा, वजन झाल्यावर दोन बटाटे वर उचलायचा आणि "हे माझ्या पायपिटीचे" म्हणायचा. त्या दिवशी बुधवार होता. त्याने सायकल खांबाला टेकवली, कोपऱ्यातलं गोणपाट उचललं आणि बटाट्यांवर पसरलं.

"अरे, धंद्याची वेळ आहे," मी म्हणालो.

"बाईंना दवाखान्यात नेलंय. चला, दादा."

"जास्त आहे का?"

गोणपाटाची एक कड दुमडली होती, ती तो सरळ करत राहिला. मी तराजू खाली ठेवला.

ऑफिसातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेली. बेचाळीस वर्षांची होती. आम्हाला मूलबाळ नाही.

तेरा दिवस झाल्यावर काही सह्या करायला मला कॉलेजात बोलावलं. तो गुरुवार होता. हेडक्लार्क भागवत म्हणाले, "बसा. बाईंचा खण तेवढा रिकामा करून न्या. आमच्याकडे खण कमी आहेत." मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "माणसं त्याहून कमी आहेत." ते सगळ्यांशी असंच बोलतात. श्यामला त्यांच्या नकला करायची.

खणात चष्म्याचं घर, खोकल्याच्या गोळ्या, देवाचा फोटो आणि तळाला एक अर्ज होता.

हा अर्ज कसला ते मला लगेच कळलं. श्यामला अकरावीच्या प्रवेशाच्या खिडकीवर बसायची. प्रवेश घेताना मुलं शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजात जमा करतात. कॉलेज सोडायचं तर तो दाखला परत मागायला अर्ज द्यावा लागतो. दरवर्षी कॉलेज सुरू झालं की पंधरा दिवसांत असे अर्ज यायचे. बहुतेक मराठी शाळेतून सायन्सला आलेली मुलं. दहावीला पंच्याहत्तर-ऐंशी टक्के, गावात नाहीतर पेठेत सत्कार झालेला, आणि इथे सगळं एकदम इंग्रजीत. एका वर्गात सव्वाशे पोरं. सर फळ्याशी बोलतात आणि निघून जातात.

श्यामला अर्ज घ्यायची, वाचायची आणि म्हणायची, "साहेब रजेवर आहेत. पुढच्या गुरुवारी या." साहेब, म्हणजे सही करणारे प्राचार्य, आत चहा पीत असायचे. पुढच्या गुरुवारी मूल आलं की ती त्याला खिडकीच्या आत बोलावून चार गोष्टी सांगायची आणि परत पुढचा गुरुवार द्यायची. तीन-चार गुरुवार गेले की बरीच मुलं यायचीच बंद व्हायची. मग ती अर्ज घरी आणून बंबात टाकायची. भागवतांना हे माहीत असावं. ते एकदा म्हणाले होते, "आपल्या कॉलेजात साहेब फारच रजेवर असतात."

या अर्जावर नाव होतं विजयमाला सर्जेराव बुचडे, मुक्काम हिंजवडी. मजकूर दोन ओळींचा. मला कॉलेज झेपत नाही, तरी दाखला परत मिळावा. मागे श्यामलाने पेन्सिलीने लिहिलं होतं, "वर्गात बसते, पण हजेरी नाही. गुरुवारी सांगणे."

काय सांगणे, ते लिहिलं नव्हतं.

मी हिंदुरावला अर्ज दाखवला. तो म्हणाला, "ही पोरगी दोन्ही गुरुवारी येऊन गेली. पहिल्या गुरुवारी खिडकी बंद होती. मागच्या गुरुवारी नवीन मॅडम म्हणाल्या, तुझा अर्ज सापडत नाही, वडिलांना आण, नवीन अर्ज दे, लगेच दाखला देते. आज येणार आहेत बापलेक."

नवीन मॅडम म्हणजे सुनीती. पंचविशीची मुलगी. टेबल स्वच्छ, हात भराभर चालणारा. तिची काही चूक नव्हती. कागद आला की लगेच निकालात काढायचा, असं कुठल्याही चांगल्या क्लार्कला वाटतं.

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिलो. साडेबाराला ती दोघं आली. पोरगी बारीक, दोन वेण्या, छातीशी वह्या. बापाचं पांढरं धोतर, हातात पिशवी. मी उठून म्हणालो, "तुमचा अर्ज माझ्याकडे आहे."

पोरीने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही क्लार्क आहात का?"

"नाही. बटाटे विकतो."

"मग माझा अर्ज तुमच्याकडे कसा?"

"त्या खिडकीवर बसायच्या त्या माझ्या मंडळी."

सर्जेरावांनी टोपी काढली. "लई वाईट झालं. पोरगी घरी येऊन रडली. म्हणली, बाई चांगल्या व्हत्या." आम्ही तिघं बाकावर बसलो. मग ते म्हणाले, "आता नवा अर्ज लिवून आणलाय. माझी सही हाय. पोरीला झेपत न्हाई तर कशापायी वढाताण? गावात चार लोक इचारत्यात, तिचं बघायचं का म्हणून. हितं कॉलेजातनं बी पत्र आलं, तुमची मुलगी गैरहजर. रोज सहाच्या गाडीनं जाते आन् गैरहजर? लोक काय म्हणतील?"

"मी रोज येते, आबा," पोरगी म्हणाली. "एकही दिवस बुडवला नाही."

"मग हजेरी का नाही?" मी विचारलं.

तिने बराच वेळ वहीची कड नखाने खरवडली. मग सांगितलं. पहिल्या दिवशी सरांनी नंबर पुकारला तेव्हा ती सवयीने उभी राहून म्हणाली, "हजर, बाई." समोर पुरुष. सगळा वर्ग हसला. मागची मुलं अजून जिन्यात तिला "हजर बाई" म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून नंबर पुकारला की तिचा आवाज निघेना. शेवटच्या बाकावर बसायची, सगळं उतरवून घ्यायची आणि कागदोपत्री गैरहजर राहायची.

"बाईंना हे सांगितलं होतं," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या, गुरुवारी ये, तुला एक गोष्ट सांगायची आहे. कोणती गोष्ट?"

मला खोटं बोलता आलं असतं. श्यामला जेवताना मुलांच्या गोष्टी सांगायची, त्यातले तिचे सल्ले मला पाठ होते. शेवटच्या बाकावर बसू नका. सरांना वर्गात विचारायची भीती वाटली तर बाहेर गाठून विचारा. पहिल्या चाचणीत सगळेच आपटतात, तेव्हा मार्क कुणाला विचारू नका आणि सांगू नका. त्यातला एखादा तिच्या नावावर खपवता आला असता.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "पण तिचं स्वतःचं काय झालं ते सांगतो."

श्यामला एकोणसत्तर साली कॉलेजात गेली होती. तिच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच मुलगी. तिलाही काही कळेना. तीन आठवडे तिने काढले आणि दाखला मागितला. खिडकीवरच्या माणसाने पाच मिनिटांत काढून दिला. का जातेस, असंसुद्धा विचारलं नाही. ती बाहेरच्या पायरीवर तासभर बसली होती, कुणीतरी परत बोलावेल म्हणून. मग घरी गेली. पुढच्या वर्षी माझ्याशी लग्न झालं. टायपिंग शिकून ती कॉलेजात नोकरीला लागली, पण शिकायला परत गेली नाही. "मला नापास कुणी केलंच नाही हो," असं ती म्हणायची. "मी नुसती उठून आले." ही गोष्ट ती मुलांना कधी सांगत नसे. या पोरीला सांगणार होती की काय, देव जाणे.

खिडकीतून सुनीतीने डोकावून विचारलं, "बुचडे ना? अर्ज आणलाय?"

सर्जेराव अर्धवट उठले. पोरगी बसूनच राहिली. मला म्हणाली, "तुम्हाला हसलं नाही कधी कुणी. म्हणून सोपं वाटतं."

"पंधराव्या वर्षी मामाने मला मंडईत उभं केलं," मी म्हणालो. "ओरड म्हणाला. पहिल्यांदा ओरडलो तर आवाज असा फाटला की समोरची भाजीवाली हसून हसून पाटीवर बसली. मी दुपारपर्यंत गप्प. एक गिऱ्हाईक आलं नाही. संध्याकाळी मामा म्हणाला, हसले ते घरी गेले, माल तुझ्याकडेच राहिला."

ती खाली बघून जरा हसली. सर्जेरावांनी खिडकीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "मंग तुमचं काय म्हणणं?"

माझ्या तोंडून निघालं, "साहेब रजेवर आहेत. पुढच्या गुरुवारी या. इथे नको, मंडईत माझ्या गाळ्यावर या. तेव्हाही दाखला हवा असेल तर मी स्वतः येतो बरोबर."

आतून भागवत खोकले. "आहेत, रजेवरच आहेत," ते मोठ्याने म्हणाले. त्यांच्यामागे साहेबांच्या खोलीत पंखा चालू होता.

पुढच्या गुरुवारी पोरगी एकटीच आली. बटाट्यांपाशी उभी राहिली. "काय झालं?" मी विचारलं.

"येस सर म्हणायचं पाठ केलं होतं. तोंडातून परत हजरच निघालं."

"हसले?"

"हसले की. पण सरांनी प्रेझेंट लावली."

तेव्हापासून ती दर गुरुवारी येते. बसची वेळ होईपर्यंत पोत्यावर बसते. आता तिसऱ्या बाकावर बसते म्हणाली. चाचणीत तिला फिजिक्समध्ये पंचवीसपैकी नऊ मिळाले. काठावर पास. मार्क कुणाला सांगायचे नसतात, असं मी म्हणालो, तर म्हणाली, "तुम्हाला कुठे कळतंय नऊ म्हणजे किती ते." दाखल्याचं ती बोलत नाही. कायम राहते असंही म्हणालेली नाही. सर्जेराव दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहेत. तिचे दोन्ही अर्ज, खणातला जुना आणि सर्जेरावांनी त्या दिवशी माझ्याकडे ठेवलेला नवा, माझ्या वजनांच्या डब्यात आहेत.

खिडकीवर सुनीती बसते. हिंदुराव सांगतो, या महिन्यात चौघांना दाखले दिले, प्रत्येकाला पाच मिनिटांत. मी दोनदा कॉलेजच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. तिच्याशी बोलायचं अजून राहिलं आहे.