मी कारखाना नाही

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाची नाही, हाताची. एका हाताने दांडी फिरवायची आणि दुसऱ्याने कापड सरकवायचे, एवढाच माझा कारभार. माझी सोनेरी वेलबुट्टी कधीच पुसली गेली. तरी मला बिचारी म्हणू नका. मी सरकारी साहेबाच्या टेबलावर चढून बसलेली मशीन आहे.

१९८९ साली राहीच्या बापाने मला कल्याणच्या बाजारातून आणले आणि लेकीच्या लग्नात दिले. मुरबाडजवळच्या तिच्या सासरी मी पोहोचले, तेव्हा सासूबाई गीताबाईंनी नाक मुरडले. भांडी दिली असती तर बरे, म्हणाल्या. पहिल्याच दिवाळीत राहीने त्यांना किनार लावलेली चोळी शिवून दिली आणि गीताबाईच माझे कौतुक गावभर सांगत फिरल्या. मग शाळेचे गणवेश, परकर-पोलकी, गोधड्या, सगळे माझ्या सुईखालून जाऊ लागले.

पुढे राही मुरबाडच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या बरण्यांच्या पॅकिंगला लागली. दिवसा बरण्या, संध्याकाळी मी. पाच वर्षे असे चालले. कारखान्यात हे कोणाला ठाऊक नव्हते असे समजू नका. सुपरवायझरच्या मुलाचा गणवेशसुद्धा मीच शिवला होता.

१९९८च्या पावसाळ्यात राहीला मुलगी झाली, रुचिता. बाळंतपणाची बारा आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली होती. राहीचा नवरा रघू वीटभट्टीवर कामाला, आणि पावसात भट्टी बंद. घर चालणार होते ते या रजेच्या पगारावर. शिलाईतून मिळायचे ते मीठ-मिरचीपुरते.

सातव्या आठवड्यात सुपरवायझरची बायको बाळंतविडा घेऊन आली. टोपडे, झबले, डिंकाचे लाडू. आलेल्या बाईला रिकामी पाठवायची आमच्या घरी रीत नाही. राहीने तिची ओटी भरली, वर खण दिला. आणि घरात मशीन असताना नुसता खण काय द्यायचा, म्हणून माप घेऊन, बाईला बसवून ठेवून पोलके शिवूनच दिले. एक पैसा घेतला नाही. बाई खूश. ते पोलके घालून ती कारखान्याच्या वसाहतीत सगळ्यांना सांगत सुटली की बाळंतीण असूनही राही काय सफाईने शिवते. बिचारीच्या मनात काही वाईट नव्हते. कौतुकच नडले.

आठ दिवसांत कारखान्याचे पत्र आले. रजेवर असताना दुसरे काम करता, सबब रजेचा पगार बंद. राही तान्ह्या मुलीला घेऊन मॅनेजरकडे गेली. त्याने एक टाईप केलेला कागद पुढे करून लगेच सही कर म्हटले; आधी वाचते, म्हणत ती तो घरी घेऊन आली. चूक झाली, यापुढे शिलाई करणार नाही, मशीन विकून टाकीन, असे त्यात लिहिले होते. खाली सही केली की अर्धा पगार मिळणार होता.

घरात चूल शांत आणि माणसे गरम. रघूने माझ्यासाठी गिऱ्हाईकसुद्धा शोधले. तो वाईट नव्हता, घाबरला होता. मी कोपऱ्यात ऐकत होते. खोटे कशाला सांगू, मला भयंकर राग आला होता. पाच वर्षे माझ्याकडून कपडे शिवून घेताना मी या कारखानेवाल्यांना गुन्हेगार दिसले नव्हते.

"सही कर नी मोकळी हो," रघू म्हणाला. "मशीन परत घेता येईल. नोकरी गेली तर काय खायचं?"

राही म्हणाली, "मी चोरी नाय केली. चोरी केली नाय तर माफी कसली मागू?"

आणि गंमत बघा, ज्यांनी पहिल्या दिवशी नाक मुरडले होते, त्या गीताबाईंनी नातीला मांडीवर घेतले आणि लेकाला सांगितले, "तिला जाऊ दे कल्याणला. पोरीला मी बघते."

कामगारांच्या तक्रारी ऐकणारा साहेब कल्याणला बसतो, एवढे राहीला माहीत होते. तिने तक्रार केली. साहेबाने तारीख दिली, मॅनेजरलाही बोलावले. त्या दिवशी राहीने मला लाकडी पेटीत घातले आणि एसटीने नेले. कंडक्टरने माझे लगेज तिकीट फाडले, त्याचेही पैसे तिने दिले.

मॅनेजर सांगत होता की ही बाई रजेत दुसरीकडे काम करते. साहेबाने विचारले, दुसरीकडे म्हणजे कुठे? तेव्हा राहीने पेटी उघडून मला उचलले आणि फायली बाजूला सारून टेबलावर ठेवले.

"इथं," ती म्हणाली. "साहेब, हिला गेट हाय का, भोंगा हाय का, हजेरी हाय का, ते बघा. माझ्या घरात, पोर निजल्यावर मी शिवते. हा कारखाना असंल तर माझा पगार कापा."

साहेबाने माझी दांडी एकदा फिरवून पाहिली. मग कायद्याचे पुस्तक काढून मोठ्याने वाचले. रजेत दुसऱ्या एखाद्या आस्थापनेत, म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात किंवा दुकानात काम केले, तर तेवढ्या दिवसांचा हक्क जातो. तो नियम खराच होता. पण घरच्या मशीनवर शेजाऱ्यांचे कपडे शिवणे त्यात बसत नाही, असे साहेबाने सांगितले आणि पूर्ण पगार द्यायला लावला. मॅनेजरने तो माफीचा कागद परत मागितला. राहीने दिला नाही. तिने त्यातून पोलके बेतायचा कागदी नमुना कापला.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असे प्रत्येक जुनी वस्तू तुम्हाला सांगते. मीही सांगते, तेल द्या, धूळ पुसा. पण माझी खरी मागणी वेगळी आहे. तुम्ही शाळेत वाचायला शिकता. उद्या कोणी तुमच्या आईपुढे कागद ठेवला आणि लवकर सही कर म्हणाला, तर खेळ सोडून या. तो कागद तिला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवा. आणि तोवर पेन तिच्या हाती देऊ नका.