बाहेरून लावलेलं कुलूप

चंपतराव पेंटर टॉकीजचे बोर्ड रंगवून पोट भरत. १९५४ साली त्यांच्या डोक्यात हाताने काढलेल्या हलत्या चित्रांचा सिनेमा शिरला आणि मग त्यांना दुसरं काही सुचेना. गोष्ट त्यांचीच होती. दूरच्या एका ग्रहावर डोक्यावर झाडं उगवलेले राक्षस राहतात. ते माणसांना वाळल्या भोपळ्यात कोंडून दाराशी टांगतात आणि त्यांच्याकडून दर घटकेला घड्याळासारखी वेळ ओरडून घेतात. शेवटी भोपळे फुगतात, देठ तुटतात आणि माणसं आभाळात निघून जातात.

कॅमेरा धरमपेठेतल्या एका डॉक्टरांनी दिला होता. पण पडद्यावर एक हात हलवायचा तरी डझनभर चित्रं लागत. ती काचेवर ठेवून गिरवायला त्यांनी पाचपावलीच्या मैनाबाईला बोलावलं. ती कोष्ट्याची विधवा होती. घरचा माग बंद पडला होता, पण धाग्यावर बसलेली नजर तशीच होती. तिची रेघ कधी हलत नसे.

एक दिवस कॅमेरा उभा करायच्या घोडीसाठी लाकूड आणायला चंपतराव लकडगंजात गेले. जाताना त्यांनी कामाच्या खोलीला बाहेरून कुलूप लावलं. मैनाबाई आत गिरवत होती.

अकराच्या सुमारास तिचा भाऊ शालिकराम मौद्याहून आला. माय शेवटच्या घटका मोजत होती. खिडकीच्या गजांतून त्याने सांगितलं, "बाई, चाल लवकर. बाराची मोटर आहे."

"कुलूप आहे रे."

"फोडू का?"

"नको. दुसऱ्याचं कुलूप फोडलं तर तुले चोर म्हणतीन. तू जा, मायजवळ बस."

तिकडे लाकडाच्या वखारीत गुलाबचंद शेठनी चहा मागवला आणि सिनेमाची गोष्ट विचारली. चंपतरावांनी हातवारे करकरून ती रंगवली. भोपळे सुटण्याच्या प्रसंगाला तर वखारीतले हमालही काम थांबवून ऐकत उभे राहिले.

ते परतले तेव्हा चार वाजून गेले होते. मैनाबाई दाराशीच बसलेली होती. "माय चालली माही," एवढंच ती म्हणाली आणि मोटर-स्टँडकडे धावली. ती मौद्याला पोचली तेव्हा लोक मायला पोचवून, नदीवर अंघोळ करून परतत होते.

तिसऱ्या दिवशी चंपतराव मौद्याला गेले. शालिकरामने त्यांना पाणी दिलं, "बसा, पेंटरसाहेब," म्हटलं. त्यापेक्षा त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

मैनाबाई समोर आल्यावर ते खाली मान घालून म्हणाले, "माह्याच्यानं चूक झाली. गल्लीतले पोट्टे आत घुसतात, कागद उडवतात, म्हणून..."

"पोट्टे नाही येत तिकडे," ती शांतपणे म्हणाली. "मी दोनदा मधातच घरी गेली होती, म्हणून लावलं तुम्ही."

चंपतराव "हो" म्हणाले.

ती कामावर परत आली नाही. उरलेली चित्रं त्यांनी वर्षभर एकट्याने गिरवली. सिनेमा आठ मिनिटांचा झाला. डॉक्टरांच्या अंगणात चादर लावून तो दाखवला. निरोप मिळाल्यावर मैनाबाईही आली, मागे बायकांत बसली. भोपळे उडाले तेव्हा टाळ्या थांबेनात. डॉक्टरांनी चंपतरावांच्या गळ्यात हार घातला. चंपतरावांनी सगळ्यांना सांगितलं की निम्मी चित्रं मैनाबाईंच्या हातची आहेत. कुलपाचं मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही.

निघताना ती त्यांच्यापाशी थांबली.

"चांगला झाला," ती म्हणाली. "पण तुमचा राक्षस भोपळा बंद करताना डोळे वटारते. तसं नसते, पेंटरसाहेब. तुम्ही कुलूप लावून राहिले होते तेव्हा गाणं गुणगुणत होते."

ती फाटकातून बाहेर पडली. चंपतराव हार गळ्यात घेऊन तसेच उभे राहिले.

तो सिनेमा त्यांनी पुन्हा कोणाला दाखवला नाही. कोणी विचारलं तर रीळ खराब झालं म्हणत. रीळ शाबूत होतं.