सौनातल्या बाकाला सगळं कळत होतं

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो, आणि माझ्यावर बसणाऱ्यांच्या अंगावर कपडे नसतात! हसू नका. आमच्या फिनलंडमध्ये सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, असंच बसतात. सुताराने चटका न देणारं लाकूड निवडून मला घडवलं आणि या इमारतीच्या तळघरात बसवलं. दर शनिवारी इथले पुरुष एकत्र येत, तापल्या दगडांवर पाणी ओतत आणि माझ्यावर ऐसपैस बसून आठवड्याचा शीण घालवत.

सगळ्यांचा लाडका याल्मारी. तो बस चालवायचा आणि प्रवाशांच्या अशा नकला करायचा की ओलावीआजोबा वाफेआधीच हसून घामाघूम!

मग कुणीतरी त्याला बंदरावर एका पुरुषाच्या हातात हात घालून फिरताना पाहिलं. पुढच्या शनिवारी तो येऊन बसला, तसे सगळे त्याच्यापासून थोडेथोडे दूर सरकले. रेइयो म्हणाला, "टॉवेल घट्ट गुंडाळा रे बाबांनो, आजपासून आपल्यावर नजर आहे."

सगळे हसले. याल्मारीही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. पण त्याच्या मांड्यांची थरथर माझ्या फळ्यांना कळत होती.

नंतर त्याने स्वतःसाठी वेगळी वेळ मागून घेतली. एकटाच यायचा. दगड तापवायची भट्टी लावायचाच नाही. गार खोलीत गुडघ्यांत डोकं घालून बसायचा. त्याचं वजन घटत चाललं होतं. छाती अशी धडधडायची की वाटे, माझे खिळे निघतील. एकदा पुटपुटला, "माझंच काहीतरी चुकलंय." मग त्याचं येणंच थांबलं.

एका शनिवारी बातमी आली. थांब्यावर बस उभी करून तो नुसता रडत बसला होता. त्याला उठताच येईना. शेवटी प्रवाशांनीच रुग्णवाहिका बोलावली.

"मस्करी होती ती," रेइयो म्हणाला. "तोही हसला की."

"मग काय करायचं होतं त्यानं?" ओलावीआजोबा म्हणाले. "आपण सगळे होतो. तो एकटा होता."

बर्फ वितळल्यावर याल्मारी आला, पण कोट घालूनच. सगळ्यांनी घाईघाईने जागा केली. त्याने फक्त सौनाची किल्ली परत दिली, "बसा तुम्ही," म्हणाला आणि दार हळूच ओढून घेतलं. आता तो दुसऱ्या गावी राहतो.

मित्रांनो, माझी एक फळी जरी करकरली तरी लगेच सुतार येतो. माणसाकडेही तेवढं लक्ष द्या ना. त्याची धडधड मला कळत होती. पण मी पडलो लाकूड, "बरा आहेस ना?" असं मला विचारता येत नव्हतं. तुम्हाला येतं.