सासूबाईंचा चिमटा

अर्ध्या हनुवटीवरचा फेस रेझरने निघाला होता आणि अर्धा अजून तसाच होता, तेवढ्यात बाथरूमचं दार वाजलं.

"झालं का गं?" बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. "मला उभं राहवत नाहीये."

गुडघ्यांमुळे सासूबाईंना दाराबाहेर ताटकळणं म्हणजे शिक्षाच होती. सुनेने क्षणभर आरशात पाहिलं आणि तशीच कडी काढली. सासूबाईंनी भिंत धरून आत पाऊल टाकलं. त्यांनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, तिच्या हातातल्या रेझरकडे पाहिलं, आणि त्या तिच्या बाजूने पुढे सरकल्या. उरलेली अर्धी हनुवटी सुनेने स्वयंपाकघराच्या नळावर, स्टीलच्या ताटात बघून उरकली.

सून गाडी चालवायला शिकवायची. शिकणारे तोंडावर तिला मॅडम म्हणत आणि पाठीमागे मास्तरीण, आणि तिला दुसरं नावच जास्त आवडायचं. हनुवटीवरचे केस तिला कॉलेजपासून होते. दोरा, वॅक्स, ब्लीच, चिमटा, सगळं करून ती थकली होती आणि आता लेझरकडे वळली होती. लेझरवाल्या मुलीने पहिल्याच भेटीत तिला दटावून सांगितलं होतं की दोन भेटींच्या मधे फक्त रेझर चालेल. उपटायचं नाही, दोरा लावायचा नाही, तोंड खसाखसा घासायचं नाही, आणि सनस्क्रीन लावल्याशिवाय उन्हात जायचं नाही. मास्तरणीने ते मुकाट्याने मान्य केलं. नियम पाळण्यात आणि पाळायला लावण्यातच तिचं पोट होतं. नवऱ्याला तिने सरळ सांगून टाकलं होतं. राहिल्या होत्या सासूबाई, आणि आज त्यांनाही कळलं. बरंच झालं, असं तिला वाटलं.

नाश्त्याला नवऱ्याने पुन्हा ऑपरेशनचा विषय काढला. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या होत्या आणि डॉक्टर तारीख द्यायला कधीचे तयार होते. पण सासूबाईंकडे सबबींना तोटा नव्हता. आधी डॉक्टर फारच पोरगेलेसे होते, मग हवा बरी नव्हती, मग शेजारणीच्या बहिणीचं ऑपरेशन बिघडलं होतं.

"आई, आणखी थोडे दिवस असेच काढलेस तर खुर्चीतून उठता येणार नाही तुला," नवरा म्हणाला.

"मग बसून राहीन. मला कुठे शर्यतीत धावायचंय?"

"अगं, आठवडाभर तर दवाखान्यात राहायचंय."

"आठवडाभर," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी चहाचा कप तोंडासमोर धरला. कप कधीच रिकामा झाला होता.

नवरा निघताना दारात हळूच म्हणाला, "सुरीला घाबरते गं ती. तू बघ जरा समजावून." मास्तरणीलाही तसंच वाटत होतं. घरात सगळ्यांनाच तसं वाटत होतं.

तो गेल्यावर सासूबाईंनी टेबलावरचा पाव उगाच इकडचा तिकडे केला.

"ते रेझरचं काय चाललंय तुझं? बाईमाणसाने रेझर लावू नये. राठ येतात मग."

"नाही येत हो आई. ते सगळं सांगोवांगी." मास्तरणीने तिला कळलं होतं तसं सांगितलं. केसाच्या काळ्या रंगावरून मशीनची ऊब खाली मुळापर्यंत उतरते आणि मूळ मरतं. "म्हणून वरून कापलेलं चालतं, पण उपटलेलं नाही. दिव्यातली वातच काढून घेतली तर पेटवणार काय?"

"आणि जातात? कायमचे?"

"महिने लागतात. पण जातात. निम्मे गेलेसुद्धा."

सासूबाईंनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती ऐकल्याची, हे मास्तरणीच्या लक्षात आलं नाही. तिला उशीर झाला होता.

पुढच्या आठवड्यात तिने रेझरला सुट्टी दिली होती. हनुवटीवर थोडी आग होत होती, म्हणून लेझरवाल्या मुलीने कोरफडीचा गर लावून कातडीला विसावा द्यायला सांगितलं होतं. केस दिसणार होते, पण दिसले तर दिसले. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं म्हणजे खिडकीचं ऊन नेमकं हनुवटीवर यायचं. बँकेतले एक साहेब तिच्याकडे शिकायला येत. त्यांची नजर चौकात तिच्या तोंडाकडे वळली आणि गाडी आचका देऊन बंद पडली. मागचे भोंगे वाजायला लागले.

"साहेब, सिग्नल समोर आहे," मास्तरीण शांतपणे म्हणाली. "माझ्या हनुवटीवर नाही."

साहेबांनी परत किल्ली फिरवली आणि मान न वळवता गाडी थेट ऑफिसच्या दारापर्यंत नेली. मास्तरीण मात्र उरलेला रस्ताभर खुशीत होती. दहा वर्षांपूर्वी याच गोष्टीसाठी ती घरी येऊन रडली असती.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी ती दुपारी घरी आली, तोंड धुऊन खिडकीपाशी दिवाणावर आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. पुढची भेट दोन दिवसांवर आली होती. झोपेत तिला हनुवटीपाशी काहीतरी हुळहुळल्यासारखं झालं. माशी असेल म्हणून तिने मान वळवली, तर कुणीतरी अलगद ती परत सरळ केली. तिने डोळे उघडले. सासूबाई खुर्ची ओढून अगदी जवळ बसल्या होत्या. त्यांच्या हातात चिमटा होता आणि मांडीवरच्या पांढऱ्या रुमालावर काळे केस एका ओळीत ठेवलेले होते.

"आई! अहो काय केलंत हे?"

"उन्हात फार दिसत होते गं. तू दमून झोपली होतीस, म्हटलं..."

"कापायचे असतात, उपटायचे नसतात, सांगितलं होतं ना मी? परवा जायचंय मला. इतके दिवस जपले ते काय हौस म्हणून?"

तिचा आवाज चढला होता. सासूबाईंनी रुमालाची घडी घातली. त्या उठायला गेल्या, पण गुडघ्यांनी ऐकलं नाही आणि त्या पुन्हा बसल्या. मास्तरणीने तणतणत फोन लावला. लेझरवाली मुलगी पलीकडून हसली आणि म्हणाली, ओळभर केसांनी काही बिघडत नाही, तेवढे या वेळी निसटतील आणि पुढच्या वेळी सापडतील, या तुम्ही. फोन ठेवेपर्यंत मास्तरणीचा राग निम्म्यावर आला.

तिने बोट हनुवटीवरून फिरवलं. कुठे टोचत नव्हतं, चुरचुरत नव्हतं. आरशात पाहिलं तर लाल ठिपकासुद्धा नव्हता. ती स्वतः एक केस उपटायची तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं, आणि इथे ओळभर केस निघाले तरी तिला नीट जागसुद्धा आली नव्हती. पार्लरमधल्या बायकांचा हातही इतका हलका नव्हता. असा हात एका दुपारीत बसत नाही, हे शिकवणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको होतं.

ती परत येऊन दिवाणावर बसली. सासूबाईंचा चिमटा अजून हातातच होता. त्याची टोकं झिजली होती आणि धरायच्या जागेवरची चकाकी गेली होती. खिडकीचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता आणि त्यांनी नेहमीसारखी हाताची मूठ हनुवटीखाली टेकवली होती. ती सवय आहे, असंच आजवर सगळे समजत होते. पोस्टात अख्खी नोकरी त्यांनी मागच्या पार्सलांच्या खोलीत काढली होती. पुढे लोकांसमोर, खिडकीवर बसायची बढती आली तेव्हा नको म्हणाल्या होत्या. आईला माणसांचा कंटाळा, असं नवरा कौतुकाने सांगायचा.

"कधीपासून, आई?" मास्तरणीने विचारलं.

सासूबाई चिमट्याकडे बघत म्हणाल्या, "ह्याच्या जन्मानंतर वाढले. रोज सकाळी दार लावून काढते. ह्याच्या बाबांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही."

"इतकी वर्षं?"

"मग काय करणार होते? सांगणार कुणाला?" त्यांनी चिमटा रुमालावर ठेवला. "दवाखान्यात दार नसतं गं. पडदा असतो. माझी बहीण दवाखान्यात होती तेव्हा तिच्याजवळ राहिलेय ना मी, सगळं बघितलंय. उजाडायच्या आत कुणीतरी येऊन दिवे लावतं. मी तिथे उताणी पडलेली असणार, आणि हा उशाशी बसलेला."

ही बाई सुरीला घाबरते असंच आपणही धरून चाललो, एकदाही नीट विचारलं नाही, या विचाराने मास्तरणीला फार वाईट वाटलं.

"तुझं ते मशीन," सासूबाई म्हणाल्या, "माझ्यावर चालेल का? आधी ते करून घेते. मग गुडघे."

त्यांनी हनुवटीखालची मूठ काढली. रोज सकाळी काढूनही चिमट्याला न सापडलेले बारीक खुंट उजेडात चमकत होते. सगळे पांढरे. मास्तरीण वाकून बघत राहिली. एकही काळा सापडावा असं तिला मनापासून वाटत होतं.

"आई, त्याला रंग लागतो," शेवटी ती म्हणाली. "काळा लागतो. पांढरा त्याला दिसतच नाही."

"एकही?"

"एकही नाही. सुईचा एक उपचार असतो, एकेक केस धरून करतात. त्याला वर्ष लागतं."

सासूबाईंनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. "हे काही वर्षभर थांबायचे नाहीत," त्या म्हणाल्या आणि खिन्नपणे हसल्या. "म्हणजे उशीर केला मी."

मास्तरीण उठली. तिने गरम पाण्याचं भांडं आणलं, मऊ फडकं आणलं, फेसाचा डबा आणि कोरं रेझर आणलं. सासूबाई उठून बाथरूमकडे जाऊ लागल्या तशी तिने त्यांना खांद्याला धरून पुन्हा बसवलं.

"इथेच. तिथे उजेड नाही."

"खिडकी उघडी आहे."

"असू दे. दवाखान्यात मी असेन सकाळी. पडदा ओढायचा, दोन मिनिटांचं काम. तुमच्या लेकाला चहा आणायला पाठवू. तुम्हाला जमेल तसं तुम्हीही शिका. बँकेतले साहेब शिकतायत, तुम्ही तर हुशार आहात."

सासूबाईंना हसू आलं आणि ते थांबवताना त्यांची हनुवटी थरथरली. मास्तरणीने ऊन फडकं त्यांच्या तोंडावर धरलं, फेस लावला, अंगठ्याने कातडी ताणली आणि पहिला हात वरून खाली हलकेच ओढला. सासूबाईंनी डोळे गच्च मिटले होते. दुसऱ्या हाताला ते सैल झाले.

"दुखतंय?"

"छे. हे इतकं सोपं असतं?"

कुलपात किल्ली फिरली. मुलगा आज लवकर आला होता. सासूबाईंचा हात झटकन हनुवटीकडे गेला आणि फेसाजवळ थांबला. मास्तरणीने रेझर उचलून धरलं. दार उघडलं. सासूबाईंनी हात खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि हनुवटी पुन्हा वर केली.

मुलगा एका पायातला बूट काढून दारातच थबकला होता. त्याने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"उभा काय राहिलास?" सासूबाई म्हणाल्या. "त्या गुडघ्यांच्या डॉक्टरला फोन लाव. पुढच्या आठवड्यात जमतंय का विचार." आणि मग सुनेला, "तू थांबू नकोस गं. ही बाजू राहिलीये."

दुसरा बूट तसाच ठेवून मुलाने खिशातून फोन काढला.