कोरडी जागा

मालगाडीच्या ड्रायव्हरला सहकाऱ्यांनी ब्रेकोबा हे नाव ठेवलं होतं, आणि ते उगाच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एक हरीण त्याच्या इंजिनाखाली आलं. ब्रेक लावायला त्याने क्षणभर उशीर केला होता. तेव्हापासून रुळावर काही दिसलं की त्याचा हात आधी ब्रेकवर जायचा आणि डोकं मागाहून पोचायचं. यंदा एकदा तो वाऱ्याने उडून आलेल्या ताडपत्रीसाठी थांबला, एकदा वाळक्या झुडपासाठी. "ताडपत्री चरायला आली होती का हो?" असं अख्ख्या इंजिन-शेडने त्याला महिनाभर विचारून घेतलं.

साहेबांना मात्र हसू आलं नाही. "तिसऱ्यांदा विनाकारण थांबलात तर इंजिन सोडायचं आणि ऑफिसात बसायचं," त्यांनी स्पष्टच सांगितलं. इंजिन चालवण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं, आणि यावं असं कधी वाटलंही नव्हतं. बायको म्हणाली, "तुम्हाला खुर्चीत बसवलं तर संध्याकाळी माझं डोकं खाल. त्यापेक्षा एकदा डोळे तपासून घ्या." तपासले. ठणठणीत निघाले. म्हणजे खोट दुसरीकडेच होती, आणि ते त्याला डॉक्टरांआधी ठाऊक होतं.

त्या सकाळी गाडी जंगलातल्या वळणावर हळू चालली होती. धुक्याचे पट्टे रुळांवरून इकडून तिकडे सरकत होते. सहायक ड्रायव्हर, तीन महिन्यांपूर्वी रुजू झालेली मुलगी, खाली वाकून थर्मासमधून चहा ओतत होती. तेवढ्यात दोन रुळांच्या मधोमध त्याला एक तपकिरी गाठोडं दिसलं. गाठोड्याला कान होते. निदान त्याला तसं वाटलं.

भोंग्याचा उपयोग नव्हता. इतकंसं पाडस भोंग्याने पळत नाही, उलट आणखी दबून बसतं. त्याने ब्रेक लावला.

चहा तिच्या बुटांवर सांडला. "काका, काय झालं?"

"पाडस."

ती वर बघेपर्यंत धुक्याने समोरचं सगळं झाकलं. गाडी करकरत थांबली. धुकं विरलं तेव्हा रूळ मोकळे होते.

"तू पाहिलंस?"

"नाही काका. मी चहा ओतत होते."

ते उठून गेलं, की मुळात नव्हतंच? त्याचं त्यालाच सांगता येईना. वहीत थांबण्याचं कारण लिहून दोघांनी सह्या करायच्या असत, आधी ड्रायव्हरने, मग सहायकाने. "दिसलं नाही तर सही करू नकोस," तो म्हणाला. "माझ्यापायी तुझ्या नोकरीला डाग नको."

"बघून तरी येते," म्हणत ती खाली उतरली.

ड्रायव्हरने इंजिन सोडायचं नाही, हा नियम. तो काचेतून बघत राहिला. ती खाली मान घालून चालत गेली, थांबली, परत फिरली. संपलं, त्याच्या मनात आलं. तोच ती पुन्हा वळली, रुळांच्या मधे उकिडवी बसली, हातमोजा काढून तिने तळवा खाली टेकवला. बराच वेळ तशीच बसली.

वर आली तेव्हा तिला धाप लागली होती. "काका, रुळांखालचे सगळे आडवे स्लीपर दवाने ओलेचिंब आहेत. एकच मधोमध कोरडा आहे, ताटाएवढा. हात लावला. अजून ऊब आहे त्याला."

दोन वर्षांनी प्रथमच त्याचा हात ब्रेकवरून आपोआप सुटला.

तिने वही ओढली, कारणाच्या रकान्यात 'पाडस' लिहिलं, सही केली आणि वही त्याच्यापुढे सरकवली. तिच्या सहीच्या वरची ओळ रिकामी होती.

"अगं, आधी माझी सही असते."

"माहितीये. पण खात्री आधी मला पटली ना."

त्याने वरच्या ओळीत सही केली आणि गाडी हळूच पुढे काढली.