परकी बाई

संस्थेच्या हॉलमध्ये खुर्च्या कधीच समोरासमोर नसत. दोन-दोन खुर्च्या शेजारी, तोंडं खिडकीकडे. ज्या देशात आम्हाला पाठवणार होते, तिथली आजारी, म्हातारी माणसं पोटच्या पोरांसमोर दुखण्याचा विषय काढत नाहीत. सांगायचंच झालं तर परक्याला सांगतात, तेही त्याच्या तोंडाकडे न बघता. आमचं काम एवढंच की घरोघरी जायचं, शेजारी बसायचं, समोर बघायचं आणि काही विचारायचं नाही.

"काही म्हणजे काहीच नाही?" आमच्यातल्या एकाने विचारलं. आयुष्यभर विमा विकलेला गृहस्थ. पहिल्याच दिवशी आम्ही त्याचं नाव रेडिओ ठेवलं होतं.

"श्वास घ्या," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "तेवढं चालेल."

बाईंनी तिथे बरीच वर्षं काढली होती. त्यांचे नियम थोडे होते. ऐकलेलं घरच्यांना सांगायचं नाही. पण ऐकून हात झाडून मोकळंही व्हायचं नाही. म्हातारीला दवाखाना नको असेल, मुलाकडे राहायचं नसेल, तर ते आपलं स्वतःचं मत म्हणून घरच्यांपुढे मांडायचं. 'त्या असं म्हणाल्या' हे चुकूनही तोंडातून जाऊ द्यायचं नाही. 'मला असं वाटतं', एवढंच म्हणायचं. मग घरचे चिडतात, आपल्याला नको नको ते बोलतात. ते ऐकून घ्यायचं आणि निघून यायचं.

"म्हणजे फुकटचे जोडे खायचे," रेडिओ म्हणाला.

"त्यासाठीच परकं माणूस लागतं. राग घराबाहेर घेऊन जायला. घरातल्या घरात तो कुठे जाणार?"

सराव घरी कोणाला तरी बसवून करा, असं त्यांनी सांगितलं होतं. माझ्या घरी आई होती. पोटाच्या गाठीचं ऑपरेशन होऊन ती नुकती घरी आली होती, आणि गाठ पुन्हा दिसत होती. दादा आणि वहिनी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचे. एका रविवारी जेवताना मी सरावाचं बोलले तर दादा भडकला.

"इथे घरात दुखणं पडलंय आणि हिला परदेशातली म्हातारी पाहिजे!"

"पाहिजे कशाला? मी होते की तिची म्हातारी," आई म्हणाली. "रोजचे काय देशील गं?"

मी जिन्यात जायचे, बेल वाजवायचे, परकी म्हणून आत यायचे. आई मला 'तुम्ही' म्हणायची, मी तिला. खुर्च्या खिडकीशी लावलेल्या, खाली समोर टायरवाल्याचं दुकान. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लोकांची बोलणी कानावर पडत राहायची आणि चेहरा कोरा ठेवायचा, यात तिची सगळी नोकरी सरली. पण म्हातारीचं सोंग घेताना तिने हात सैल सोडला. एक सून रचली. ती सून हिची कवळी लपवायची, पाहुणे आले की काढून द्यायची. मला हसू आवरेना.

"परक्या बाईने फिदीफिदी हसायचं नसतं," आई समोर बघत म्हणाली. "काढून टाकतील तुम्हाला."

वेळ संपली की मी उठून जिन्यात जायचे आणि किल्लीने दार उघडून मुलगी म्हणून आत यायचे. तेव्हा ती विचारायची, "आलीस? भाजी काय आणलीस?" परक्या बाईचा विषय आम्ही दोघीही काढायचो नाही.

सर्जनने दुसरं ऑपरेशन सुचवलं. दादाने सगळं विचारून ठेवलं, दवाखान्यातली खोलीसुद्धा बघून आला. आई त्याला म्हणाली, "करू की. त्यात काय!" तो इतका हलका झाला की जाताना त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, लहान मुलीच्या फिरवावा तसा.

त्या संध्याकाळी मी बेल वाजवून आत आले. टायरवाला एका स्कूटरचं चाक उतरवत होता. आम्ही ते बघत बसलो. मला वाटलं, आई सुनेचा पुढचा पराक्रम जुळवते आहे.

"पहिल्या ऑपरेशननंतर माझे हात बांधले होते," ती म्हणाली.

मी चाकाकडे बघत राहिले.

"नळी ओढेन म्हणून. पलंगाच्या दांड्याला. पट्टी तशी मऊ होती. पण नाकाला खाज येत होती हो. सबंध दिवस. आणि तोंडात नळी, म्हणजे सांगायची सोय नाही." तिने पदर नीट केला. "माझी मुलगी काचेबाहेर उभी होती. तिने हात हलवला. मला हलवता येईना. तिला वाटलं, मी गुंगीत आहे. भावाला म्हणाली, आईला काही कळत नाहीये, ते एक बरंय. दार उघडंच होतं."

मी हे म्हणाले होते. याच शब्दांत.

"आता पुन्हा फाडायचं म्हणतात. किती आशा आहे, ते डॉक्टर सांगत नाहीत. आशा असती तर न विचारता सांगितलं असतं. मला नकोय ते."

विचारायचं नाही, हा नियम. मी विचारलं नाही.

"मुलाला नाही म्हणवत नाही. त्याच्या वडिलांना दवाखान्यात न्यायला आपण उशीर केला, असं तो धरून बसलाय. झाला नव्हता उशीर. पण त्याच्या डोक्यातून ते जात नाही. मी नको म्हटलं असं त्याला कळलं, तर म्हणेल, मीच आईला समजावायला कमी पडलो. मग तो त्यातून उठायचा नाही. आणि मुलीला सांगू नका. तिच्या पोटात लहानपणापासून काही राहत नाही."

टायरवाल्याने ट्यूब पाण्याच्या टबात बुडवली.

"वेळ झाली तुमची," आई म्हणाली.

मी 'येते' म्हणाले आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. परत किल्लीने दार उघडलं तेव्हा तिने विचारलं, "आलीस? भाजी काय आणलीस?" मी दुधी म्हणाले. "पुन्हा दुधी?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी बाईंना गाठलं.

"बसणारं माणूस परकं नसेल तर? घरातलंच असेल तर?"

बाई खुर्च्या एकात एक घालत होत्या. "मग त्याने हे काम करू नये," त्या म्हणाल्या. "कोणाचं विचारताय?"

"सहज."

सर्जनच्या खोलीत आम्ही चौघं गेलो. आईची चाकाची खुर्ची मधे. तारखेचं बोलणं सुरू झालं तेव्हा मी म्हणाले, "ऑपरेशन नको, असं मला वाटतं."

"कोणाला वाटतं?" दादा म्हणाला.

"मला."

"अगं, तिने हो म्हटलंय!"

"तिच्या अंगात आता ताकद नाही. मी रोज बघते. नको."

सर्जन आईकडे वळला. "आजी, तुम्ही सांगा."

आईने स्वतःच्या चपलांकडे बघितलं. "ती एवढं म्हणतेय तर राहू दे," ती म्हणाली.

बाहेरच्या बोळात दादाने मला गाठलं. "तिकीट निघालंय ना तुझं? दवाखान्यात उठबस करायला लागली असती, ती टळली. तिकडच्या म्हाताऱ्यांचे पाय चेपायला विमानाने जायचं, आणि इथली मेली तरी चालेल!"

"अहो, लोक बघतायत," वहिनी म्हणाली.

"बघू देत. कळू दे सगळ्यांना, काय समाजसेवा आहे ती!"

आई खुर्चीत होती, हातभर अंतरावर. तिने एक शब्द बोलावा, असं मला वाटलं. ती स्वेटरची बटणं लावत राहिली. एक चुकलं, तिने सगळी काढली आणि पुन्हा खालून सुरुवात केली.

त्या संध्याकाळी मी बेल वाजवली. "आज नको," आतून आवाज आला. "दमलेय मी." पुन्हा कधी ती त्या खुर्चीत बसली नाही. मी जाणं पुढे ढकललं. दादा वहिनीला म्हणाला, संस्थेनेच ढकललं असेल, हिला कसला पुळका.

शेवट सोपा झाला नाही. घरी, आपल्या माणसांत, शांतपणे असं काहीतरी मी मनाशी धरून होते. पोट फुगत गेलं, पाणीसुद्धा ठरेना. औषधाने दुखणं थांबायचं, पण दुखणं थांबलं की भीती यायची, आणि भीतीवर घरी येणाऱ्या नर्सकडे काही नव्हतं. एका दुपारी दादा पायांशी बसला होता. आईने डोळे उघडले आणि माझं मनगट धरलं.

"आता होईल का गं ते ऑपरेशन?"

दादा ताडकन उठला. त्याने तिथूनच सर्जनला फोन लावला. सर्जन म्हणाला, आता नाही. दादाने फोन खिशात घातला आणि माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघत होते. तिने मला विचारलं होतं की परक्या बाईला, की दोघींपैकी कोणालाच नाही, हे मला समजून घ्यायचं होतं. तिने डोळे मिटले होते. त्यानंतर ती फार बोलली नाही, आणि गेली.

मी जायच्या आदल्या दिवशी दादा आईचं कपाट रिकामं करायला आला. वहिनी साड्यांच्या घड्या घालत होती. दादा आईचे चष्मे, वडिलांचं घड्याळ, जुने फोटो एका खोक्यात भरत होता. खोकं भरल्यावर तो कपाटाच्या कडेला टेकला.

"एकच विचारतो," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "खरं सांग. तिने तुला कधी म्हटलं होतं का, ऑपरेशन नको म्हणून?"

वहिनीचे हात थांबले. तो हो ऐकायला उभा होता, हे मला दिसत होतं. दाढी वाढलेली, डोळे वडिलांसारखे खाली ओढलेले. मी हो म्हटलं असतं, तर मला भाऊ मिळाला असता. वहिनीने चहा टाकला असता. मग तो घरी गेला असता, आणि आई नको म्हणत होती तेव्हा आपण खोली बघत फिरत होतो, हे घेऊन बसला असता. वडिलांच्या शेजारी आई.

"नाही," मी म्हणाले. "मलाच तसं वाटलं."

त्याने मान हलवली. दोन-तीनदा हलवली.

"मग जा तू," तो म्हणाला. "आणि तिथून फोन करू नकोस."

त्याने खोकं उचललं. वहिनी साड्यांचं गाठोडं घेऊन त्याच्या मागे निघाली, माझ्याजवळ क्षणभर थांबली आणि गाठोडं सावरून पुढे गेली. आमचं दार सोडलं की आपोआप बंद होतं. ते दोघं बाहेर पडेपर्यंत मी ते धरून उभी राहिले.